बूड न टेकणारा बंड्या आणि जूनची घाई

पत्र

काकू, तुमचं सदर मी नेहमी वाचते. मला अगंतुगंच करा, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. आम्ही नाशिकला राहतो. मिस्टर सातपूरला एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहेत, मी घरून तीन दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते. सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगा सीनियर केजीत आहे, इंग्रजी माध्यम. १४ डिसेंबरचा जन्म, आत्ता सव्वापाच वर्षांचा. रोज डायरीत लाल पेनाने काहीतरी असतंच. जागेवर बसत नाही, लिखाण अपूर्ण, दुसऱ्यांना त्रास देतो. गेल्या महिन्यात दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. टीचर म्हणाल्या, हायपर आहे, कुणाला तरी दाखवा. घरी तर पायाला भिंगरी. सोफ्यावरून उड्या, गच्चीत पळापळ, जेवताना चार फेऱ्या. फक्त मोरीत पाण्याशी बसला की पाऊण तास हलत नाही. चहाची गाळणी, नरसाळं, बाटल्या घेऊन काय काय करत असतो. पुण्याच्या मैत्रिणीने दोन्ही मुलांना शाळेतून काढलंय, होमस्कूलिंग करते. मुलं इतकी छान आहेत! मलाही वाटतं, काढावं. मिस्टर म्हणतात, तुला जमेल तसं कर, माझा सपोर्ट आहे. सासूबाई म्हणतात, शाळेत न गेलेल्या पोराला पुढे विचारणार कोण? सोमवारी पालकसभा आहे. पहिलीचा प्रवेश पक्का करून पैसे भरायचेत. काय करू? नाव छापू नका.

उत्तर

नाव नाही छापत. मुलाला आपण बंड्या म्हणू.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस. १४ डिसेंबर. आपल्याकडे पहिलीत जायचं तर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. बंड्या त्या दारातून सतरा दिवसांनी निसटून आत आलाय. जूनमध्ये तो साडेपाच वर्षांचा असेल आणि शेजारच्या बाकावर त्याच सालच्या जानेवारीत जन्मलेली मुलगी असेल, सहा उलटून पाच महिने झालेली. तुला-मला अकरा महिन्यांचं काही वाटत नाही. बंड्याच्या आजवरच्या आयुष्याचा तो सहावा हिस्सा आहे. ती मुलगी रेघेत लिहिते, बसते, बाईंचं ऐकते, आणि बाई दोघांना एकाच फूटपट्टीने मोजतात.

हे माझं नुसतं मत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६ ते १२ वयाच्या नऊ लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही शाळाप्रवेशाची तारीख ३१ डिसेंबरच, म्हणजे डिसेंबरचं मूल वर्गात सगळ्यात धाकटं. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना 'एडीएचडी', म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलपणाचा त्रास, असल्याचं निदान जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त झालेलं आढळलं. महिना बदलला म्हणून मेंदू बदलत नाही. बाजूला कोण बसलंय तेवढं बदलतं.

याचा अर्थ टीचर खोटं बोलतात असा नाही. त्यांच्या वर्गात तो खरंच बसत नसणार, आणि सगळ्या वर्गाला सांभाळताना त्यांच्याही नाकी नऊ येत असणार. पण 'हायपर' हा शब्द त्यांचा नव्हे. ते निदान डॉक्टरांनी करायचं, आणि करतानाही लक्षणं किमान सहा महिने आणि घर-शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसतात का, वयाच्या मानाने फार जास्त आहेत का, हे बघूनच. मोरीतल्या पाऊण तासावर फार भिस्त ठेवू नकोस. ज्यांना खरंच हा त्रास असतो अशी मुलंही आवडीच्या कामात रमतात. म्हणून एकदा मुलांच्या वाढ-विकासाचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून ये. दाखवणं म्हणजे शिक्का मारून घेणं नव्हे. त्यांच्याकडे जाण्याआधी दोन गोष्टी बघ. बंड्या रात्री तोंड उघडं टाकून, घोरत झोपतो का? नीट झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल मात्र उलट जास्त नाचतं. दुसरी गोष्ट, पाठमोरा असताना हळू हाक मारलीस तर वळतो का? कान एकदा तपासून घेतलेले बरे.

आणि एक राहिलंच, माध्यम. घरी तुम्ही मराठी बोलता, असं पत्रावरून वाटतंय. बंड्या रोज तीन-चार तास अर्धवट कळणाऱ्या भाषेत बसतो. तू तमिळ कीर्तनाला तीन तास बसून दाखव बरं, चुळबुळ न करता. पहिल्या दहा मिनिटांत पदराशी खेळायला लागशील. मी वीस वर्षं बालवाडीत काढली आहेत. 'लक्षच देत नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी मुलांना बाई काय म्हणतात तेच कळत नसायचं. मराठीत गोष्ट सुरू केली की तेच मूल सरकत सरकत माझ्या गुडघ्याशी येऊन बसायचं.

आता घरी शिकवण्याचं.

कायद्याची भीती मनातून काढ, पण कायदा नीट समजूनही घे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो बोलतो ६ ते १४ वर्षांच्या मुलांबद्दल. बालवाडी, केजी ही सक्तीची नाहीच. तेव्हा या डिसेंबरपर्यंत बंड्या घरी राहिला तर कुणाला काही विचारायचा प्रश्नच येत नाही. सहानंतर कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते न पाळणाऱ्या पालकांना त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याला परवानगी किंवा मनाई असंही काही लिहिलेलं नाही. देशात जी कुटुंबं मुलांना घरी शिकवतात, पुण्यात तर बरीच आहेत, ती या मधल्या मोकळ्या जागेत उभी आहेत. जर्मनीत राहत असतीस तर हा पर्यायच नव्हता, तिथे मुलाला शाळेत पाठवावंच लागतं. इंग्लंडमध्ये घरी शिकवायला कायद्यानेच मुभा आहे. आपलं दोन्हींच्या मध्ये, आपल्या बऱ्याच गोष्टींसारखं.

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते त्यांना आदराने दे, कारण प्रश्न चुकीचा नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, तिच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पायऱ्या आहेत. चौदा पूर्ण झाली की तिच्याकडून दहावीला बसता येतं. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पुण्यात. तिसरा रस्ता म्हणजे दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म. तो सगळ्यांना माहीत असतो, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. शाळेचं तोंडच न पाहिलेल्या मुलाची तिथे अडचण होते, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नकोस. मधेच शाळेत घालायचं ठरलं तर वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा, हे त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. थोडक्यात, दार बंद होत नाही. कडी जरा गंजलेली आहे, हलवावी लागते.

पण दार उघडं आहे म्हणून बाहेर पडायचंच असं थोडंच आहे?

मी पडले होते, म्हणून सांगते. माझ्या लेकीला सहाव्या वर्षी शाळेतून काढलं आणि दोन वर्षं घरी शिकवलं. शाळेचं नाव काढायचं कारण नाही, मुलं वाईट वागली म्हणून त्यांना अंधाऱ्या खोलीची भीती घालणारी ती एकटी शाळा नव्हती. मी बालवाडीची बाई, मला कोण शिकवणार! हॉलमध्ये फळा टांगला, वेळापत्रक चिकटवलं, देवघरातली घंटा वाजवून साडेनऊला 'शाळा' भरवली. तिसऱ्या आठवड्यात ती दिवाणाखाली जाऊन बसली आणि फळ्याचे सगळे खडू बरोबर घेऊन गेली. मी वाकून बघितलं तर ती भिंतीला पाठ लावून खडू चावत बसली होती. म्हणाली, "बाई गेल्या की आईला पाठव."

फळा त्याच दिवशी गच्चीवर गेला. पुढचे दीड वर्ष खरंच चांगलं गेलं, कारण मी शाळा भरवणं सोडलं. भाजीवालीकडचे हिशेब, आजोबांचं पोस्टातलं पासबुक, रोजची एक गोष्ट, आणि लिहिणं-वाचणं मिळून अर्धा-पाऊण तास. त्याहून जास्त त्या वयाला लागतच नाही. शाळेत चार तास जातात कारण तिथे चाळीस मुलं असतात, रांगा असतात, डबे असतात. आठव्या वर्षी तिनेच हट्ट धरला, कोपऱ्यावरच्या मुलींबरोबर रिक्षातून जायचंय. अभ्यासासाठी नाही, रिक्षासाठी! गेली. तिसरीत बसली, दिवाळीपर्यंत रुळली.

मला त्या दोन वर्षांचा पश्चात्ताप नाही. पण तेव्हा मी नोकरी सोडली होती आणि घर नवऱ्याच्या पगारात चालत होतं, हे सांगितलं नाही तर ती गोष्ट अर्धी राहील.

तुझं तसं नाही. तुझ्या हातात तीन दुकानांचे हिशेब आहेत. ११ तारीख आणि २० तारीख मी तुला सांगायला नको, रिटर्न भरायचे दिवस. त्याच्या आदल्या रात्री पोर्टल अडकलेलं असताना, दुकानदार फोनवर बिलं शोधत असताना, बंड्या सोफ्याच्या पाठीवर चढून विचारणार, "आई, पाणी वर का नाही चढत?" तेव्हा तुझ्या तोंडून काय निघेल, यावर घरचं शिक्षण चालेल की कोसळेल ते ठरतं. मुलाच्या अंगात किती ऊर्जा आहे याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तुझ्या अंगात संध्याकाळी पाच वाजता किती शिल्लक असते, ते बघ. शाळा त्याला रोज चार तास सांभाळते, वाईट का होईना. ते चार तास तुझे आहेत, आणि त्यात तुझी कमाई होते. ते गेले की काय गेलं, हे आधी कागदावर मांड. हिशेबाचं माणूस आहेस तू.

करूनच बघायचं असेल तर दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत नको. सुट्टीत सगळ्यांनाच होमस्कूलिंग जमतं. मामा आलेला असतो, आंबे असतात, मुलं बाहेर असतात. तू १० ते २० तारखेचे दिवस धर, अगदी कामाच्या गर्दीतले. त्याला शाळेला सुट्टी दे आणि घरी ठेव. किती वेळा ओरडलीस, किती वेळा मोबाईल हातात दिलास, ते सासूबाईंच्या कॅलेंडरवर रेघा मारून ठेव. कुणाला दाखवू नकोस.

मैत्रिणीच्या मुलांचं म्हणशील, तर तू त्यांना कधी भेटतेस? रविवारी, लग्नात, हुरडा पार्टीत. तिला सांग, मला एखाद्या बुधवारी अकरा ते चार तुझ्या घरी नुसतं बसू दे. खरी मैत्रीण असेल तर हो म्हणेल, आणि त्या पाच तासांत तुला माझ्या या सगळ्या पाल्हाळापेक्षा जास्त कळेल. तिची मुलं कोणत्या स्वभावाची, तिच्या घरात माणसं किती, तिला मदतीला कोण, हे विचार. पुण्यात अशा आयांचे गट आहेत, आठवड्यातून एकदा टेकडीवर, बागेत मुलं एकत्र आणतात. नाशकात तुझ्या आजूबाजूला अशी दोन घरं तरी आहेत का? नसतील तर बंड्याला सोबत कुणाची? पळायला गच्ची पुरते, भांडायला दुसरं पोर लागतं.

आता तुझ्या मिस्टरांचा 'सपोर्ट'. हा शब्द मला आवडत नाही, स्पष्टच लिहिते. सपोर्ट मांडवाला देतात. त्यांना सांग, फर्स्ट शिफ्ट असते त्या आठवड्यात संध्याकाळी पाच ते सात बंड्या तुमचा. मैदान, गोदाकाठ, सुट्टीच्या दिवशी पांडवलेण्यांच्या पायऱ्या, काहीही करा, पण दमवून आणा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच वर्षांवरच्या मुलाने रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं. बंड्यासारख्याला त्याच्या दुप्पट दे. आठवडाभर हे नीट झालं की जेवणातल्या चार फेऱ्यांच्या दोन होतील, बघ. हे शाळेत ठेवलंस तरी करायचंच आहे. सासूबाईंना मात्र 'लक्ष ठेवा' एवढंच सांगू नकोस. त्यांच्याकडे काम आहे: मटार सोलणं, गवार मोडणं, तांदूळ निवडणं. बोटांना जे वळण कर्सिव्हच्या वहीत लावायचा प्रयत्न चाललाय ना, ते तिथे लागतं, आणि बसणंही आपोआप होतं.

एक आठवण आली, विषयाला धरूनच आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जायची. मग ही माणसं कुरणावर गेली, जिथे गुरं तिथे शाळा. कुरणशाळाच म्हणत तिला. मी बालवाडीचं शिक्षण घेताना हे ऐकलं आणि तेव्हापासून एखादं मूल बसत नाही म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुठे बसत नाही? मोरीत बसतोय की! मग त्याची वर्कशीट मोरीत जाऊ दे. पाव लिटरची बाटली, अर्ध्याची आणि एक लिटरची दे. पाव लिटरच्या किती ओतल्या की एकची भरते, हे त्याने स्वतः दहा वेळा मोजलं की अपूर्णांक पाचवीत शिकवायला नको. 'पाणी वर का चढत नाही'चं उत्तर लगेच देऊ नकोस. एक नळी आणून दे आणि मोरीतून बाहेर ये.

तेव्हा माझं मत विचारलंस तर असं. या जूनमध्ये पहिलीत घालू नकोस. आणि होमस्कूलिंग करतोय असंही जाहीर करू नकोस, त्या शब्दाचं ओझं नातेवाईक तुझ्या डोक्यावर देतील. एक वर्ष थांब. पुढच्या जूनमध्ये तो साडेसहा वर्षांचा होऊन पहिलीत जाईल, वर्गातला धाकटा नसेल. डिसेंबर ते जून हे सहा महिने कायद्याच्या वयात मोडतात खरे, पण पुढच्या प्रवेशाची तयारी चालू असलेल्या मुलाच्या दारात कुणी येत नाही. या वर्षात सकाळचे दोन-अडीच तास जवळपासच्या लहानशा मराठी बालवाडीत जाऊ दे, जिथे अंगण आहे आणि लेखन नाही. मिळाली तर बघ, चार ठिकाणी फिरावं लागेल. झकपक इमारतीकडे बघू नकोस, मुलांच्या पायांकडे बघ, मातीत मळलेले असले पाहिजेत. तुझे ते अडीच तास हिशेबाचे. उरलेला दिवस मोरी, गच्ची, आजी आणि बाबा.

पहिलीसाठीही हीच शाळा डोळ्यांसमोर धरू नकोस. महापालिकेच्या, अनुदानित मराठी शाळांत स्वतः जाऊन ये, शाळा भरलेली असताना. आतून मुलांचा आवाज येतो की एकट्या बाईंचा, ते दाराबाहेर पाच मिनिटं उभं राहून ऐक. आणि एवढं करूनही पुढच्या मार्चमध्ये तुला वाटलं की नाही, याचं घरीच चांगलं चाललंय, आणि त्या कॅलेंडरवरच्या रेघा कमी झाल्या असतील, तर मला पुन्हा पत्र लिही. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

वर्गाबाहेर उभं करण्याबद्दल मात्र सोमवारी बोल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी करतं. त्या कायद्यातलं मूल सहा वर्षांपासूनचं आहे, म्हणून पाच वर्षांच्याला बाहेर उभं केलेलं चालतं असं कुणी तुझ्यासमोर म्हणणार नाही. भांडू नकोस. एवढंच विचार, की तो बाहेर उभा होता तेव्हा काय करत होता, किती वेळ उभा होता आणि त्याच्याकडे कोण बघत होतं. आणि रोज मैदानावर किती मिनिटं सोडतात, तेही विचारून घे.

पैसे भरू नकोस. डायरीत लाल शेऱ्याखाली निळ्या पेनाने लिही: "तो १४ डिसेंबरचा आहे. यंदा पहिलीत घालत नाही. वर्ष संपेपर्यंत त्याला वर्गाबाहेर उभं करू नये ही विनंती." खाली दोघांच्या सह्या करा. मिस्टरांची सोमवारी सेकंड शिफ्ट असेल तर बरंच, सकाळी मोकळे असतील. फर्स्ट असेल तर कुणाशी तरी बदलून घ्यायला सांग.

— काकू